अक्रोडाच्या सालीचा रंग: साडी की झोपाळा?

झोपाळू

मंडळी, शनिवार पेठेतला आमचा वाडा पडला तेव्हा आजोबांचा सागवानी झोपाळा कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आला. तीन फळ्यांचा पाट, पितळी कड्या. मधल्या फळीला वाळवी लागली होती, म्हणून सुताराकडून नव्या सागाची फळी बसवून घेतली. काम झकास झालंय. पण दोन जुन्या फळ्या काळ्या गुळासारख्या आणि मधली लिंबाच्या सरबतासारखी. जेवायला आलेला प्रत्येक पाहुणा आधी तीच बघतो.

सुतार म्हणाला, डब्यातला वॉलनट स्टेन, म्हणजे अक्रोडी रंग, मारू. मी नको म्हणालो, कारण माझ्याकडे खराखुरा वॉलनट होता. ऑक्टोबरात मेव्हणीकडे ओहायोला गेलो होतो. तिच्या परसात ब्लॅक वॉलनटचं, म्हणजे काळ्या अक्रोडाचं झाड आहे. सालींचा काढा उकळून, आटवून एक बाटली भरून आणली. ती बॅगेत गळली. बायकोच्या मोतिया रंगाच्या सिल्कच्या साडीवर पदराच्या थोडं खाली, पोळीएवढा तपकिरी डाग. ड्रायक्लीनरनं हात जोडले.

उरला काढा ३०० मिली. आणखी करावा म्हणून मंडईतून सालासकट अक्रोड आणले, फोडले, गर खाल्ला, कवचं दोन तास उकळली. रंग आला तो पाचव्यांदा उकळलेल्या चहाचा. माझं काय चुकलं? आणि पुण्यात ही साल कुठे मिळेल का?

सदाशिव_३०

चुकलं ते काढा साडीशेजारी ठेवला तिथे. बाकी सगळं दुय्यम.

रंगारी

झोपाळू, तुम्ही उकळलंत ते बीचं टणक कवच. रंग असतो त्याच्या बाहेरच्या हिरव्या मांसल सालीत. नारळ घ्या: करवंटी वेगळी आणि वरचं सोडण वेगळं. तुम्ही करवंटी उकळलीत. कवचात थोडं टॅनिन (चहात असतो तसा तुरट अंश) असतं, त्यानं फिकट चहा होतो, पुढे काही नाही. आपल्याकडे अक्रोड येतो तो हिरवी साल काढून, धुऊन, वाळवून. त्यामुळे मंडईत ती साल मिळायची नाही.

मी लोकरीवर हा रंग केलाय. मैत्रिणीनं वाळलेल्या सालीची पूड दिली होती. लोकरीच्या वजनाच्या निम्मी पूड रात्रभर भिजवली, तासभर मंद आचेवर ठेवली (खळखळून उकळायचं नाही), गाळली आणि त्यात ओली लोकर सोडली. तुरटी नाही, काही नाही. या रंगाला लोकर आणि रेशमावर बसायला मध्यस्थ लागत नाही. सुतावर मात्र तो नखरे करतो, आधी हिरड्याचं पाणी द्यावं लागतं.

साडीवर डाग इतका पक्का का बसला ते आता कळलं असेल. रेशीम हा त्याचा सगळ्यात आवडता मुक्काम.

ओहायोतला_अण्णा

इथे अठरा वर्षं आहे, परसात दोन झाडं आहेत, म्हणून अधिकारानं बोलतो. टेनिस बॉलएवढी हिरवी फळं सप्टेंबर-ऑक्टोबरात पत्र्यावर, गाडीवर, डोक्यावर पडतात. आठवड्यात साल काळी, मऊ, बुळबुळीत होते. आत पांढऱ्या अळ्या वळवळत असतात (एक माशी सालीतच अंडी घालते). शेजारी फळं रस्त्यावर पसरून वरून गाडी नेतो, साल निघते आणि आतली टणक बी तशीच राहते. मी पहिल्या वर्षी हातमोजे न घालता सोलली. साबण, लिंबू, रॉकेल, सगळं झालं. तीन आठवडे ऑफिसात हस्तांदोलन करताना लोक माझ्या नखांकडे बघायचे.

बायकोनं टोमॅटो लावले होते त्या झाडापासून दहाएक फुटांवर. ऐन बहरात एका आठवड्यात माना टाकल्या. नंतर कळलं, या झाडाच्या मुळांतून, सालींतून जुग्लोन नावाचं द्रव्य जमिनीत उतरतं आणि टोमॅटोला ते अजिबात सोसत नाही.

अवांतर: इथल्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या सैनिकांना 'बटरनट' म्हणायचे. याच कुळातल्या बटरनट झाडाच्या सालीत घरी रंगवलेले त्यांचे पिवळट तपकिरी कपडे, त्यावरून.

नवा_गडी

आमच्या सोसायटीत अक्रोडाचं झाड आहे! पाटी पण लावलीय. फळं आणून देऊ?

रसायनी

पाटीवर 'जंगली अक्रोड' असेल. ते एरंडाच्या कुळातलं झाड, अक्रोडाशी नातं फक्त नावाचं. त्यात जुग्लोन नाही, आणि त्याची कच्ची बी विषारी असते, तेव्हा पोरांना चाखायला देऊ नका.

आता रंगाबद्दल. ताज्या हिरव्या सालीत जुग्लोन थेट फारसं नसतं, त्याचं बिनरंगी रूप असतं. साल कापली की हवा लागते आणि तपकिरी रंग चढतो. कापलेलं सफरचंद काळं पडतं तसंच काहीसं दिसतं, रसायन मात्र वेगळं.

गंमत पुढे आहे. मेंदीतला रंग म्हणजे लॉसोन. लॉसोन आणि जुग्लोन यांचं रेणुसूत्र एकच, C१०H६O३. फक्त एका हायड्रॉक्सिलची जागा बदलते. म्हणजे अण्णांच्या हातावर तीन आठवडे होतं ते मेंदीचं सख्खं चुलत भावंड. दोन्ही कातडीला, केसांना, लोकरीला, रेशमाला धरतात, कारण हे सगळं प्रथिन आहे. तिसरं भावंड आपल्या चित्रकाच्या मुळात आहे, प्लंबॅजिन: जुग्लोनला एक मिथाइल जोडलेलं. पण चित्रकानं कातडीवर फोड येतात, प्रयोग करू नका.

कोथरूडकर_काकू

रसायनीभाऊ, छान सांगितलंत. म्हणजे गेली तीस वर्षं मी लोखंडी कढईत मेंदी भिजवतेय ते रसायनशास्त्रच म्हणायचं. आवळा, चहाचं पाणी, मेंदी, रात्रभर कढईत. सकाळी कढईच्या कडेला काळी किनार धरलेली असते.

झोपाळू, अमेरिकेची साल कशाला हवी? तुमच्या घरात लहान मूल असेल तर बाळगुटीचा डबा उघडा. हिरडा, बेहडा, मायफळ. माझ्या नातवाची गुटी उगाळताना सहाणेवर ओघळ राहिला, त्यावर मी लोखंडी अडकित्ता ओला ठेवून विसरले. दुपारी बघते तर सहाणेवर अडकित्त्याची काळी कुळकुळीत आकृती. पितांबरी झाली, चिंच झाली, ती आहे अजून. या गोष्टीला वर्ष झालं.

सदाशिव_३०

काकू, सहाण विकायची असेल तर सांगा. 'अडकित्ता, सहाणेवर, मिश्र माध्यम' म्हणून प्रदर्शनात लावू.

रसायनी

काकूंचा अडकित्ता म्हणजे जगभरची जुनी शाई आहे. मायफळ आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिळून जी काळी शाई व्हायची तिनं युरोपात शेकडो वर्षं कागद काळे केले. हिरड्यात तेच काम करणारं टॅनिन भरपूर असतं. लोखंड भेटलं की काळं.

पॉलिशवाला_नाही_पण

वडील पॉलिशचं काम करायचे, भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळ आमची खोली होती. दोन गोष्टी सांगतो.

एक, धंद्यात 'वॉलनट' हे झाडाचं नाव नाही, छटेचं नाव आहे. टीक, रोझवूड, वॉलनट, हे सगळं डब्यावर. परदेशातून 'वॉलनट क्रिस्टल' म्हणून जे तपकिरी खडे येतात, त्यातही बऱ्याचदा अक्रोड नसतोच, जमिनीतल्या लिग्नाइटसारख्या मातकट कोळशापासून केलेले असतात. रंग चांगला असतो, तक्रार नाही. नाव उसनं.

दोन, तुमच्या जुन्या फळ्यांचा जो रंग आहे तो लाकडाचा कमी आणि ऐंशी वर्षांच्या पॉलिशचा, तेलकट हातांचा, धुराचा जास्त. वडील आधी पिवडी, काव (पिवळी आणि तांबडी माती) आणि चिमूटभर काजळी एकत्र करून लाकडाच्या रंध्रांत भरायचे, मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडीचे (लाखेचे) हात, कापसाच्या बोळ्यानं, एकावर एक. वीस-वीस हात. नव्या फळीला नुसता तपकिरी रंग दिलात तर ती तपकिरी नवी फळी दिसेल. जुनी दिसणार नाही.

झोपाळू

वीस हात म्हणजे वीस थर?

पॉलिशवाला_नाही_पण

हो. आणि मध्ये बोलायचं नाही. वडील बोलू द्यायचे नाहीत, बोळा थांबला की डाग पडतो म्हणायचे.

पेठेतला_पाहुणा

माझं सरळ मत: काही करू नका. ताजा रंधलेला साग उजेडात ठेवला की काही आठवड्यांत आपोआप सोनेरी तपकिरी होतो. झोपाळा खिडकीत सरकवा, चहा प्या.

रंगारी

पाहुणे अर्धे बरोबर आहेत. सोनेरी होईल, काळा गूळ होणार नाही.

आणि एक खोच आहे जी कुणी बोललं नाही. साग उजेडात मुरतो, अक्रोडाचा रंग उजेडात उतरतो. म्हणजे आज तुम्ही अक्रोडाच्या काढ्यानं तिन्ही फळ्या एकसारख्या केल्यात तरी लाकूड एका दिशेला जाणार आणि वरचा रंग दुसऱ्या. वर्षभरानं पाहुणे पुन्हा मधली फळी बघणार. माझी अक्रोडाच्या रंगाची एक लाकडी पेटी दक्षिणेच्या खिडकीत होती, दीड वर्षात झाकण फिकं आणि बाजू गडद.

त्यामुळे मी तुमच्या जागी असते तर बाटली साडीला वापरली असती. साडी कपाटात अंधारात राहते. डाग काढता येत नाही, मग सगळी साडीच डागाच्या रंगाची करायची.

कोथरूडकर_काकू

साडीला अनुमोदन! झोपाळ्यावर बसायचंय, साडीवर बायकोचं लक्ष आहे.

नवा_गडी

माझं मत झोपाळ्याला. साडी काय, नवी येते.

सदाशिव_३०

नवा गडी अविवाहित आहे असं समजून पुढे चालू.

भीमाशंकरी

इतका वेळ वाचत होतो, हिरड्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याकडे आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगरातल्या आदिवासी घरांत बाळहिरडा गोळा करून वाळवणं हे हंगामाचं मोठं काम असतं. बाळहिरडा म्हणजे कोवळं, न पिकलेलं फळ. वाळला की काळा, सुरकुतलेला, मनुकेसारखा. तो औषधाला जातो. रंगाला मोठा पिकलेला हिरडा चालतो आणि तो स्वस्त असतो. पुण्यात आयुर्वेदिक काष्ठौषधींच्या दुकानात 'मोठा हिरडा, बिया काढून' असं मागा. पूड घेऊ नका, पुडीत काय काय असतं ते देव जाणे.

अहिंसक_रंग

सगळं नैसर्गिक असल्यामुळे मुलांसमोर करायलाही हरकत नाही, हा मोठा फायदा. रासायनिक स्टेनपेक्षा हजारपट बरं.

रसायनी

हरकत आहे. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, रक्तवाढीच्या गोळ्यांत असतं तेच. म्हणूनच लोकांना निरुपद्रवी वाटतं, आणि लहान मुलानं मूठभर खाल्लं तर जिवावर बेतू शकतं. ब्लॅक वॉलनटच्या लाकडाचा भुसा घोड्याच्या तबेल्यात पसरला तर घोड्याचे खूर सुजतात, हे अमेरिकेत पशुवैद्य जाणतात. चित्रकाचं वर सांगितलंच. निसर्गाला आपल्या लाडक्या विशेषणाची कल्पना नसते.

अहिंसक_रंग

घोडा कोथरूडला कोण पाळतंय? हलके घ्या. पण हिराकसाचा मुद्दा मान्य, वरच्या फडताळात ठेवीन.

ओहायोतला_अण्णा

काढा टिकवायचा असेल तर दोन लवंगा टाकून फ्रीजमध्ये ठेवा. माझ्या बरणीवर एकदा मखमली पांढरी बुरशी आली होती, इतकी देखणी की टाकवेना. लवंगेनं बुरशी लांब राहते, आणि वासही बरा येतो.

धागा_वाचक

अक्रोडाचा धागा आहे, काश्मीर होणारच असं वाटत होतं, पण सगळे शिस्तीत बोलतायत. पुणेकर आजारी आहेत का?

काश्मीर_रिटर्न

घ्या, काश्मीर आलंच. सप्टेंबरात श्रीनगरच्या बाहेर अक्रोड झोडताना बघितलंय. झाडावर चढून लांब काठीनं झोडतात, खाली बायका सोलतात, आणि सगळ्यांचे हात मनगटापर्यंत काळे. तिथला अक्रोड ब्लॅक वॉलनट नाही, आपण खातो तो. त्याच्याही हिरव्या सालीत जुग्लोन असतं, पण कमी. शिवाय झाडाची साल दात घासायला वापरतात, दंदासा. ओठ लालसर तपकिरी होतात. कुणी जाणार असेल तर सोललेल्या साली वाळवून आणा, तिथे त्या बांधावर ढिगानं पडलेल्या असतात.

झोपाळू (बारा दिवसांनी)

सगळ्यांचे आभार. धागा वाचून दाखवल्यावर बायकोनं मतमोजणी केली आणि बाटली जप्त केली.

साडी: काठाला जर नाही हे रंगारीताईंना व्यक्तिगत निरोपात सांगितल्यावर त्यांनी परवानगी दिली. सोसायटीच्या गणपतीचं स्टीलचं पातेलं आणलं, वीस लिटरचं. ३०० मिली काढ्यात अख्खी साडी गडद होणं शक्यच नव्हतं, म्हणून सोबत पाव किलो वाळलेल्या डाळिंबाच्या सालींचं पाणी. साडी आधी कोमट पाण्यात पूर्ण भिजवली, मग सोडली आणि तासभर दोघं दोन बाजूंनी लाकडी काठ्यांनी फिरवत होतो. एक मिनिट थांबायचं नाही असं ताईंचं बजावणं होतं. माझा फोन वाजला, मी दीड मिनिट थांबलो. तो दीड मिनिटाचा पट्टा दिसतो. बाकी साडी मधाच्या रंगाची झालीय, डाग अजून कळतो पण आता तो जवळ जाऊन शोधावा लागतो. बायको म्हणाली, नेसताना निऱ्यांत जाईल. तो पदराखाली आहे, निऱ्यांत कसा जाईल, हे विचारायचं धाडस केलं नाही.

झोपाळा: सुताराकडून त्याच फळीचे उरलेले चार तुकडे आणले. घासले, स्पिरिटनं पुसले, कारण साग तेलकट असतो.

पहिल्याला हिरड्याचं पाणी दोनदा, मग लिटरभर पाण्यात चमचाभर हिराकस. फडका फिरवता फिरवता लाकूड डोळ्यांदेखत काळं झालं. पण काळं कसं, तर निळसर. दौतीतून काढल्यासारखं. दुसऱ्याला पानवाल्याकडचा काथ गरम पाण्यात विरघळवून, आणि तेच हिराकस. हा हिरवट काळा. तिसऱ्याला काथ आणि वर चुन्याची निवळी: लाल. आमच्या जिन्याच्या कोपऱ्याची आठवण झाली. चौथ्याला नुसता काथ दोनदा, आणि हिराकस लिटरला जेमतेम चिमूटभर. हा जुन्या फळीशेजारी धरला आणि दोघंही गप्प झालो. सत्तर टक्के जुळतोय.

रसायनी

निळसर आणि हिरवट हा फरक तुमच्या डोळ्यांनी टिपला, वा! हिरडा-मायफळाच्या जातीचं टॅनिन लोखंडाबरोबर निळं-काळं होतं, काथाच्या जातीचं हिरवं-काळं. रंगाऱ्यांना हे प्रयोगशाळेच्या आधीपासून माहीत होतं.

पॉलिशवाला_नाही_पण

सत्तर टक्के पुरे. उरलेले तीस टक्के चपडी भरते. हलकी नको, गडद नारिंगी चपडी घ्या, आणि जुन्या फळ्यांवरही दोन हात फिरवा म्हणजे चमक एक होईल. पावसाळी हवेत करू नका, चपडी पांढरट पडते.

पेठेतला_पाहुणा

आणि खिडकीत ठेवून चहा पिण्याचा पर्याय अजून खुला आहे.

रंगारी

झोपाळू, फोटोत साडी बघितली. पट्टा मला दिसतोय. पुढच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत. काथ मात्र उजेडाला चांगला टिकतो, फळीची काळजी करू नका.

झोपाळू

नऊ हात झालेत चपडीचे, न बोलता. वडील काल येऊन बसले. त्यांना रंगाचं काही सांगितलं नव्हतं. पाच मिनिटं झोके घेतले आणि म्हणाले, "ही डावीकडची कडी वाड्यात असताना करकरत नव्हती." पितळी कडीला कुठलं तेल घालता? खोबरेल घातलं, दोन दिवसांत पुन्हा सुरू.

सदाशिव_३०

त्याचा वेगळा धागा काढा. आणि तेलाची बाटली साडीपासून लांब ठेवा.